भिंत किती पिते? प्रायमरचा हिशेब

एक लिटर प्रायमर किती चौरस फुटांना पुरेल, हे भिंत किती पिते यावर ठरते. डब्यावर छापलेला आकडा गुळगुळीत, बेताने शोषणाऱ्या पृष्ठभागासाठी असतो. वाळूचा खरखरीत गिलावा, पुट्टी मारलेली भिंत आणि चुना खरवडलेली जुनी भिंत या तिन्हींना तोच आकडा लावला, की माल एक तर अर्ध्या कामात संपतो, नाहीतर पडून राहतो.

फर्दापूरपासून चार-पाच किलोमीटरवरच्या अजिंठ्याच्या लेण्यांत पृष्ठभाग पाहून थर ठरवण्याचा विचार दिसतो. छिन्नीने खडबडीत ठेवलेल्या बेसाल्टवर माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा जाड लेप, त्यावर बारीक मातीचा, मग पातळ पांढरा थर आणि त्यावर रंग. खळगे मातीने आधीच भरलेले असल्यामुळे पांढरा थर पातळ ठेवता आला. आजच्या घरात खळगे भरण्याचे काम पुट्टीचे. प्रायमरचे जादा हात मारून ते साधत नाही, फक्त खर्च वाढतो.

10 बाय 12 फुटांची, 10 फूट उंचीची खोली घ्यावी. भिंती 440 चौरस फूट, छत 120. दार (21) आणि खिडकी (16) वजा केल्यावर 523 उरतात, म्हणजे सव्वापाच ब्रास. पाण्यात मिसळणारा सिमेंट प्रायमर बऱ्या पृष्ठभागावर लिटरला साधारण 100 ते 120 चौरस फूट जातो; कोऱ्या खरखरीत गिलाव्यावर 70-80 धरणेच शहाणपणाचे. 75 ने भागले तर पहिल्या हाताला 7 लिटर लागतात. पुट्टी घासून झाल्यावरचा हात 110 ने धरला तर पावणेपाच. दोन्ही मिळून पावणेबारा, सांडलवंड आणि रोलरमध्ये अडकणारा माल धरून साडेबारा. डब्यावरच्या 100 च्या दराने एका हाताचा माल काढून त्याला नुसते दोनने गुणणाऱ्याचा हिशेब साडेदहावर थांबतो. अशा तीन खोल्यांत 6 लिटरची तूट येते. 20 लिटरच्या बादलीशिवाय किती सुटे डबे आणायचे, हे इथेच ठरते.

बिलाचे माप आणि खरेदीचे माप वेगळे ठेवावे. बिलात लहान उघाडी वजा न करण्याची पद्धत असते. माल मागवताना मात्र प्रत्यक्ष रंगणारे क्षेत्रच मोजावे. पन्हाळी पत्र्यात सपाट मापापेक्षा सुमारे 14 टक्के जास्त पृष्ठभाग असतो, आणि त्याला धातूचा प्रायमर लागतो, तेव्हा त्याचा हिशेब स्वतंत्र.

सर्वांत भरवशाचा आकडा भिंतच देते. अर्धा लिटर मोजून, डब्यावर सांगितले तेवढेच पाणी घालून तो सर्वांत खरखरीत भिंतीवर लावावा आणि झाकलेले क्षेत्र टेपने मोजावे. त्याची दुप्पट हा त्या भिंतीचा दर. पाणी वाढवले तर क्षेत्र वाढल्यासारखे दिसते, पण थर विरळ होतो आणि वरचा रंग जास्त खपतो; प्रायमरमध्ये वाचवलेले पैसे महागड्या रंगात जातात. म्हणून चाचणीचा दर नेहमी पाणी मिसळण्यापूर्वीच्या लिटरवरून मांडावा.

मातीच्या जुन्या भिंतींसाठी हा हिशेबच नको. त्यांतील ओल बाहेर पडायला वाट हवी असते, म्हणून तिथे चुन्याचा हात योग्य.

पहिल्या हाताचा माल आधी आणावा, दुसऱ्याचा पुट्टी घासून झाल्यावर. पाणी मिसळलेला उरलेला प्रायमर मूळ डब्यात परत ओतू नये.