डीजेच्या भिंतीला गळा नसतो

गेल्या महिन्यात आमचा पुण्याचा भाचा दोन दिवस खामगावला येऊन गेला. तोच, ज्याने जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचा कार्यक्रम पाहिला आणि मग आठवडाभर आपल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर व्हिडिओंचा पाऊस पाडला. अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत तिकिटं होती म्हणे, आणि ती मिळवायला लोक तासन् तास मोबाईलला डोळे लावून बसले होते. रात्री जेवणं झाल्यावर तो म्हणाला, "मावशी, तुला कळायचं नाही ते. तुमच्याकडे लाइव्ह म्युझिकचं कल्चरच नाही ना!"

मी विचारलं, "बरं, तुला त्यात सगळ्यात जास्त काय आवडलं?"

तो म्हणाला, "हजारो अनोळखी माणसं एकदम एकच गाणं म्हणत होती. अंगावर काटा आला."

मंडळी, मी तेव्हा हसले आणि गप्प बसले. मास्तरकीत चौतीस वर्षं गेली की समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायची सवय लागते. पण उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते आज देते. अंगावरचा तो काटा मला पस्तीस हजार न देता, खामगावात, पोत्यावर बसून मिळालेला आहे. एकदा नाही, पन्नासदा. आणि आज माझ्या गावातल्या पोराला तो मिळत नाही, याला गाव लहान असणं हे कारण नाही. आपण तो आपल्या हातांनी घालवला, म्हणून मिळत नाही.

आधी थोडं जुनं सांगते, म्हणजे भांडण कशाबद्दल आहे ते कळेल.

मी लहान असताना गणपतीत आणि कोजागरीपासून बसणाऱ्या आमच्या मोठ्या देवीच्या उत्सवात ऑर्केस्ट्रा यायचा. जलंबच्या गाडीने पेट्या उतरायच्या. अ‍ॅकॉर्डियन, बोंगो-कोंगो, एक इलेक्ट्रिक गिटार. ती गिटार बघायलाच पोरं दुपारपासून स्टेजला चिकटलेली असत. एक गायक पुरुषाच्या आणि बाईच्या अशा दोन्ही आवाजांत गायचा, तेव्हा बायकांच्या बाजूला तोंडाला पदर लावून हसण्याची लाट उठायची. फर्माईशीच्या चिठ्ठ्या पुढे जायच्या. एखादं गाणं फसलं की लोक ओरडायचे, गायक कान धरून माफी मागायचा आणि पुन्हा सुरू करायचा. त्याला आम्ही दिसत होतो, आम्हाला तो दिसत होता. लाइव्ह या शब्दाचा मला कळलेला अर्थ एवढाच आहे.

पण माझा खरा रॉक कॉन्सर्ट म्हणाल तर तो चौदा एप्रिलचा. कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. माझी एक मैत्रीण वस्तीत राहायची. ती म्हणाली, आज रात्री कव्वालीचा सामना आहे, येतेस का? घरी विचारलं तर आई म्हणाली, "रातच्याले पोरीच्या जातीनं कायले जा लागते तठी?" त्या 'तठी'मध्ये रात्रही होती आणि जातही होती, हे मला तेव्हाही कळलं होतं. मी भावाला बरोबर घेतलं आणि गेले.

समोरासमोर दोन पार्ट्या. पेटी, ढोलक, बेंजो, झांज. एका पार्टीने सवाल टाकायचा आणि दुसरीने तिथल्या तिथे जवाब बांधायचा. बाबासाहेबांचं चरित्र, बुद्धाची गोष्ट, महागाई, गावच्या पुढाऱ्याची टिंगल, सगळं त्यात. बेंजोवाल्याची बोटं दिसत नव्हती इतकी चालत होती. पहाटे चारला शेवटचं गाणं झालं तेव्हा सगळा मांडव उभा राहून गात होता. म्हाताऱ्या बाया, शाळकरी पोरं, दिवसभर हमाली करून आलेले गडी. शब्द सगळ्यांना पाठ. मी मराठी घेऊन बी. ए. करत होते आणि त्यातला एकही शब्द माझ्या अभ्यासक्रमात नव्हता. वामनदादा कर्डक हे नाव मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं.

पुढे नात इंजिनिअरिंगला पुण्यात गेली. तिने मला तिच्या कॉलेजच्या रॉक शोला नेलं. कानात कापूस घालून बसले, खोटं कशाला सांगू! पण अर्ध्या तासाने कापूस काढला. ड्रम वाजवणारं पोर घामाने निथळत होतं. गिटारवाल्याची तार तुटली, तर बाकीच्यांनी त्याला सांभाळून घेत गाणं पुढे नेलं. मला एकदम ती चौदा एप्रिलची रात्र आठवली. नंतर नातीने सांगितलं की रॉकचं मूळ अमेरिकेतल्या काळ्या शेतमजुरांच्या ब्लूज गाण्यांत आहे. म्हटलं, अगं, मग हे तर आमचेच भाऊबंद! आणि हे माझं म्हाताऱ्या बाईचं तर्कट नाही बरं. चेन्नईत जानेवारी २०१८ मध्ये दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने 'कास्टलेस कलेक्टिव्ह' नावाचा बँड मंचावर आला, त्यात मयतीत वाजणारी गाना गाणी आणि रॉक एकत्र आले. मुंबईत 'धम्म विंग्ज'च्या पोरांनी गिटार-ड्रमवर बुद्ध-भीमाची गाणी म्हटली. जे मला खामगावात पोत्यावर बसून वाटलं, ते या पोरांनी करून दाखवलं.

आता आजचं सांगते.

आज माझ्या गल्लीतून मिरवणूक जाते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर माणसाच्या दुप्पट उंचीची खोक्यांची भिंत. वर एक पोरगा, पुढ्यात लॅपटॉप. घराच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात, कपाटातली भांडी वाजतात, शेजारच्या काकांना छातीत धडधडतं म्हणून मागच्या खोलीत नेऊन बसवावं लागतं. गणपती असो, जयंती असो, देवी असो, उरूस असो, लग्न असो. सगळ्या धर्मांची, सगळ्या जातींची भिंत एकच. एवढी समता आपण दुसऱ्या कशात आणली नाही!

त्या भिंतीत गाणारा माणूस नाही. तिला सवाल टाकता येत नाही, फर्माईशीची चिठ्ठी देता येत नाही. तिचं चुकत नाही, कारण ती गातच नाही. आणि तिच्यापुढे शंभर पोरं नाचतात, पण एकाच्याही तोंडून गाणं निघत नाही. निघालं तरी शेजारच्याला ऐकू जाणार नाही. भाच्याला जो काटा आला, तो इथे येणं शक्यच नाही.

मंडळाची पोरं म्हणतात, "बाई, पब्लिकला हेच पाहिजे." मी विचारते, पब्लिकला दुसरं दिलंत कधी? आज जो पंधरा वर्षांचा आहे त्याने सामना पाहिलेलाच नाही, तो मागेल कुठून? दुसरं म्हणतात, गाणारे परवडत नाहीत. हे तर धादांत खोटं. वर्गणी मागायला येतात तेव्हा मी हिशेब विचारते, मास्तरीण आहे ना! डीजेला ठरलेली रक्कम बिनबोभाट देतात. गायक पार्टीशी मात्र गाडीभाड्यावरून घासाघीस करतात, आणि वर 'जेवण देऊ की' म्हणतात.

तिसरा युक्तिवाद कायद्याचा. म्हणे, रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, मग सामना करायचा कसा? खरं आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा बंद केला, आणि जुलै २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. नियम चांगला आहे, मी त्याच्या बाजूने आहे. परीक्षेच्या दिवसांत पोरांचे हाल मी पाहिले आहेत. पण नियम पूर्ण वाचा ना! त्यात घड्याळ आहे तसा आवाजही आहे. रहिवासी भागात दिवसा पंचावन्न डेसिबल, रात्री पंचेचाळीस. सार्वजनिक जागी भोंगा लावला तरी त्या भागाच्या मर्यादेहून दहा जास्त किंवा पंचाहत्तर, यातलं जे कमी असेल ते. खोक्यांची भिंत यात दिवसाच्या कुठल्या प्रहरी बसते? पण आवाज मोजायला यंत्र लागतं आणि इच्छा लागते. घड्याळ तर सगळ्यांच्याच मनगटावर असतं. म्हणून होतं असं की एका जागी बसून गाणाऱ्या माणसाला दहा वाजता गप्प केलं जातं आणि भिंत दिवसभर गाव हादरवत हिंडते. त्याच नियमांत वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस सण-उत्सवांसाठी मध्यरात्रीपर्यंत सवलत द्यायची सोय आहे. ते दिवस भिंतीला कशाला? जिथे खरा माणूस गातोय, तिथे द्या.

हा आवाजाचा नियम रॉकवाल्यांनाही लागू व्हावा, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर भाचा म्हणेल, मावशीने आपल्यापुरता न्याय केला.

सरकारचंही सांगते. १ नोव्हेंबर १९९६ ला मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकेल जॅक्सन नाचून-गाऊन गेला. त्या वेळच्या सरकारने करमणूक कर माफ केला, प्रकरण हायकोर्टात गेलं, पैसे अडकले. आणि जानेवारी २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती तीन कोटींहून जास्तीची माफी पुन्हा मंजूर केली. जानेवारी २०२१! आठवतंय ना ते वर्ष? मार्च २०२० पासून यात्रा बंद, जयंती बंद, लग्नं पन्नास माणसांत. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या घरी चूल पेटत नव्हती, आणि मंत्रिमंडळापुढे पंचवीस वर्षांपूर्वीचा मायकेल जॅक्सन होता. वयोवृद्ध कलावंतांना सरकार मानधन देतं, २०२४ मध्ये ते महिना पाच हजार झालं, चांगलं झालं. पण गायक म्हातारा झाल्यावर त्याला जगवायचं आणि चाळिशीत त्याला कोणी गायला बोलवायचं नाही, हा कुठला न्याय? विठ्ठल उमप नोव्हेंबर २०१० मध्ये नागपुरात कार्यक्रमाच्या मंचावरच कोसळले आणि गेले. ऐंशीच्या उंबरठ्यावरचा तो माणूस मंचावर होता. त्याच्यामागून येणाऱ्यांना आपण मंचच ठेवला नाही.

आता माझी चूक. ती सांगितल्याशिवाय हा लेख मला लिहिता येणार नाही.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. बाप बँडमध्ये, हा बेंजो वाजवायचा. मराठीत बरा, गणितात कच्चा. रात्री वाजवायला जायचा आणि सकाळी बाकावर झोपायचा. मी एकदा सगळ्या वर्गासमोर त्याला म्हटलं, "बेंजो वाजवून पोट भरत नाही." ज्या सामन्यांनी माझ्या अंगावर काटा आणला, त्यांतल्याच एका कलेला मी असं म्हटलं. मला वाटलं, मी त्याचं भलं करतेय. त्याने तरी वाजवणं सोडलं नाही. मोठा झाल्यावर त्याच्या पार्टीचा सामना मी ऐकला. लोडशेडिंगचा काळ होता, मध्येच लाइट गेले, भोंगा मेला. हा पठ्ठ्या आणि ढोलकवाला स्टेजवरून उतरून लोकांत येऊन बसले आणि कंदिलाच्या उजेडात तासभर वाजवलं. गाणं कुणाच्याच गळ्यात थांबलं नाही. तो मला म्हणाला, "बाई, ऐकू आलं ना मागपर्यंत?" मी मान हलवली. त्याची माफी मागायची ती वेळ होती. मी मागितली नाही.

भाचा गेल्यावर मी त्याला शोधत गेले. बसस्टँडजवळ पानठेला चालवतो. मी म्हटलं, आमच्या घरी कार्य आहे, वाजवशील? तो सुपारी कातरत म्हणाला, "बाई, बेंजो इकला म्या कोरोनात. आन् आता बोटंही बसली." मग मला पैसे न घेता एक गोड पान बांधून दिलं.

म्हणजे शेवटी माझंच म्हणणं खरं ठरलं. बेंजोने पोट भरलं नाही. पण ते खरं ठरवायला आपण सगळ्यांनी किती कष्ट घेतले ते बघा.

तर नातेवाईक मंडळींनो, हे तुमच्यासाठी. ज्या कार्याबद्दल मी बोलले ते भाच्याचंच लग्न आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. वरातीला डीजे ठरलाय असं परवा कळलं. मी वरातीत चालणार नाही. रुसवा नाही, आहेराला आणि जेवायला येईन. पण डीजे रद्द करून गाणारी-वाजवणारी पार्टी आणत असाल, तर तिची बिदागी माझ्या पेन्शनमधून, गाडीभाड्यासकट. गुडघे दुखत असले तरी मग शेवटपर्यंत चालेन. भाच्या, तुझा कोल्डप्लेही त्यांना वाजवायला सांग. बेंजोवर कसा वाजतो ते मलाही ऐकायचंय.

आणि त्या पानठेल्यावर मी पुन्हा जाणार आहे. माफी मागायची राहिलीच आहे, शिवाय आणखी एक विचारायचंय: जुना बेंजो कुठे मिळतो?

बाकी ब्लॉगवाल्या मित्रांनो, आपापल्या गावात शेवटचा जिवंत गाणारा माणूस कधी ऐकलात, ते आठवून बघा. वर्ष आठवत नसेल, तर यंदाच्या वर्गणीच्या वेळी पावती फाडण्याआधी तेवढा एक प्रश्न विचारा.