काळा ठिपका आणि पिठाचा कोंबडा



१ ऑगस्ट २०२४ ला आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीचं कांस्यपदक मिळवलं, तेव्हा आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर दिवसभर फुलांचे गुच्छ पडत होते. पुढे मी त्याच ग्रुपवर सांगितलं, की माझी आठवीतली लेक एअर रायफलच्या सरावाला जाऊ लागली आहे. फुलं काही पडली नाहीत. एका काकूंनी विचारलं, "अगं, आपल्यात बंदूक?"

मला या प्रश्नाचा राग आला नाही. सप्त व्यसनांत शिकार आहे, हे आपण पाठशाळेत 'णमोकार'च्या पाठोपाठ शिकलो. काकूंनी विचारायलाच हवं होतं. माझी तक्रार आहे ती या प्रश्नाला नेमबाजीवाले जी उत्तरं देतात त्यांच्याबद्दल. खेळ चांगला आहे, पण तो लोकांपुढे मांडायची रीत चुकते आहे, आणि त्यापायी आपल्या घरांतल्या मुली दारातच अडतात.

पहिलं उत्तर असतं, "अहो, ही काय खरी बंदूक नव्हे, हिला लायसनसुद्धा लागत नाही." २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे .१७७ बोअरची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते, हे खरं. पण म्हणून ती खेळणं होत नाही. छर्‍याच्या बंदुकीनं साळुंक्या आणि चिमण्या पाडणारी पोरं आपल्या गावांत कोणी पाहिली नाहीत? त्या छर्‍यानं माणसाचा डोळाही जातो. जे जीव घेऊ शकतं त्याला शस्त्रच म्हणावं. आईला खोटा दिलासा देऊन पोरीचं नाव नोंदवून घेणं मला पटत नाही. उलट, "हे शस्त्र आहे, म्हणून आमच्याकडे हे-हे नियम आहेत" असं सांगितलं, तर आई ऐकून घेईल. नियम सांगण्यासारखेच आहेत. रायफल रिकामी असली तरी माणसाकडे रोखायची नाही. नेम धरायच्या रेषेपुढे कोणी जाणार असेल तर सगळ्यांनी रायफल रिकामी करून खाली ठेवायची आणि ती रिकामी आहे हे दिसावं म्हणून नळीत रंगीत दोरा घालायचा. माझी लेक घरात कात्री पुढे करतानाही आता टोक स्वतःकडे धरते.

दुसरं उत्तर, "मुलीला स्वसंरक्षण येईल." याचं मला हसू येतं. पाच किलोच्या आसपासची रायफल, अंगात ताठ जॅकेट, पायात सपाट तळाचे जड बूट, आणि एक गोळी झाडायला मिनिटभर श्वास सांभाळणं. हे घेऊन ती कुणापासून स्वतःला वाचवणार? गृहस्थाला विरोधी हिंसेची मोकळीक किती, हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. तो जाहिरातीत आणून आयांना भीती घालू नये.

तिसरं उत्तर सगळ्यांत गोड आहे, आणि आपल्या लोकांसाठी खास बनवलेलं: "नेमबाजी म्हणजे ध्यानच हो!" मैत्रिणींनो, नुसत्या एकाग्रतेला आपण कधीपासून पुण्य मानायला लागलो? सशावर टपलेला पारधीही एकाग्रच असतो. आपल्याकडे ध्यानं चार सांगितली आहेत, त्यांत रौद्रध्यानही आहे. खेळानं मन स्थिर होतं एवढंच म्हणा, ते मला मान्य आहे. सामायिकाशी त्याची बरोबरी करू नका.

मग काकूंना खरं उत्तर काय द्यायचं? मला ते यशोधर राजाच्या कथेत सापडतं. उज्जयिनीच्या यशोधरानं आईच्या हट्टाखातर देवीला बळी द्यायचं कबूल केलं, पण जिवंत कोंबडा नको म्हणून पिठाचा केला. रक्ताचा थेंब सांडला नाही. तरी तो आणि त्याची आई पुढचे कितीतरी जन्म तिर्यंच योनीत भोगत राहिले, कारण मनात कोंबडा मारण्याचा संकल्प होता. आपल्याकडे हिंसा मोजली जाते ती आधी भावात.

आता हीच फूटपट्टी नेमबाजीला लावून बघा. १९०० साली पॅरिसलाच झालेल्या ऑलिंपिकच्या वेळी जिवंत कबुतरं उडवून त्यांच्यावर नेम धरण्याची स्पर्धा झाली आणि सुमारे ३०० पाखरं मेली. त्यानंतरही कित्येक वर्षं काही स्पर्धांत धावत्या हरणाच्या आकृतीवर गोळी झाडत. ते हरीण म्हणजे पिठाचा कोंबडाच. आज लेकीसमोर १० मीटरवर असतो तो एक काळा गोल, आणि त्याच्या मध्यावर अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, खसखशीच्या दाण्याहून बारीक. त्या ठिपक्याला डोळा नाही, पंख नाहीत. तिथे मारण्याचा संकल्प करायला कुणी नाहीच. काकूंना मी हेच सांगितलं, आणि त्या गप्प बसल्या. पटलं म्हणून की दमल्या म्हणून, ते विचारलं नाही.

पण हे उत्तर द्यायचं तर नेमबाजांनीही तसंच वागलं पाहिजे. आपल्या कोल्हापुरात कुणी जिंकलं की चौकात डिजिटल फलक लागतो. त्यावर पोरगा थेट आपल्याकडे पिस्तूल रोखून उभा, खाली 'पदकाची शिकार'. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्या पिस्तुलासमोरून जातो. जो नियम आत पहिल्या दिवशी शिकवतात तोच बाहेर मोडून दाखवतात! तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये विश्वविजेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं. दोघी याच शहरातल्या. मुलींना त्यांचं कौतुक वाटतं ते त्यांच्या दमाचं आणि वर्षानुवर्षांच्या सरावाचं. फलकावर तो छापलेला काळा गोल लावा, मधोमध पडलेल्या एका भोकासकट. लोक थांबून विचारतील तरी की हे काय आहे. शिकार, वध, धडाड हे शब्द मथळ्यांतून काढा. आणि सरावाच्या नावाखाली कुठेही माणसाच्या किंवा जनावराच्या आकृतीवर नेम धरायला लावू नका. गंमत म्हणूनही नको.

घरी परवान्याची बंदूक असणार्‍यांना एक वेगळं सांगणं आहे. अनर्थदंडात हिंसादान येतं: शस्त्र, विष, अग्नी विनाकारण दुसर्‍याच्या हाती देणं. पाहुणे आले की कपाटातून काढून हाती देणं आणि लग्नाच्या वरातीत बार काढणं मला त्यातच मोडतं. वरातीतल्या बाराला २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानंही दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा पाळणार्‍या बंदूकवाल्यांनीच अशा वरातीला सर्वांत आधी नाव ठेवलं पाहिजे. ते गप्प बसतात म्हणून लोक दोघांना एकाच तराजूत तोलतात.

राहिलं घरातलं. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावाहून आल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय लेकीला स्वयंपाकघरात पाऊल टाकता येत नाही. ही गोष्ट मला कुठल्या माहितीपत्रकात मिळाली नाही, दुसर्‍या एका आईनं सांगितली. अष्टमी-चतुर्दशीला सासूबाईंच्या शब्दाखातर सराव बंद असतो. आणि जॅकेट! बर्‍याच जॅकेटांना आणि हातमोज्यांना चामडं लावलेलं असतं. आपली एखादी आई ते विकत घेऊन घरी आल्यावर कळलं तर तिला काय वाटेल? हे आधीच सांगायला हवं. मी दुकानदाराला बिनचामड्याच्या, जाड कापडाच्या जॅकेटबद्दल विचारलंय. "कंपनीला विचारून सांगतो," म्हणाला. त्याचं उत्तर आलं की इथे लिहीनच, किमतीसकट.