प्रमाणपत्राची सही



गेल्या रविवारी संध्याकाळी शेजारची मुलगी दारात उभी राहिली. तिची आई माझी विद्यार्थिनी. आई मला अजून 'बाई' म्हणते आणि मुलगी 'आजी'. हातात टाइप केलेला कागद. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांसाठी तिने वर्षभर 'आर्थिक साक्षरता मंडळ' चालवले, असा मजकूर आणि खाली माझ्या सहीला जागा.

"आजी, एवढी सही द्या ना. एमबीएच्या मुलाखतीला लागेल."

असे मंडळ माझ्याकडे कधीच नव्हते. पाच-सहा रविवार येऊन तिने मुलांना अपूर्णांक शिकवले, एवढेच खरे. मी विचारले, हे कशाला? तर म्हणे क्लासमध्ये सांगितले, अभ्यासाबाहेरचे उपक्रम धंद्याशी संबंधित हवेत. शेअर बाजाराची स्पर्धा, कॉलेजातला फायनान्स क्लब असे काहीतरी. "माझ्याकडे तसलं काहीच नाही हो."

काहीच नाही! मंडळी, ही मुलगी नववीपासून आईच्या मासळीचा हिशेब ठेवते. पहाटे माल कितीला घेतला, बर्फाला किती गेले, दुपारनंतर बोंबलाचा वाटा कितीला सोडला, उधारी कोणाकडे राहिली, सगळे तिच्या वहीत असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांसाठी सुके बोंबील आणि सोडे किती भरून ठेवायचे, हे गेल्या वर्षी तिनेच ठरवले. जास्त भरले तर पैसा अडकतो आणि दमट हवेत माल खराब होतो, कमी भरले तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. हा धंदा नाही तर काय आहे?

आता मुद्द्याचे. माझे मत असे की, व्यवस्थापन शिकू पाहणाऱ्याला धंद्याच्या नावाचे उपक्रम लागत नाहीत. आयआयएममध्ये मुलाखतीला कोणाला बोलवायचे ते मुख्यतः कॅटचे गुण, दहावी-बारावी आणि पदवीचे गुण, नोकरीचा अनुभव यांवर ठरते. फायनान्स क्लबसाठी तिथे वेगळा रकाना सहसा नसतो. आपल्या अंधेरीची एस. पी. जैन संस्था (स्थापना १९८१) उमेदवाराची सगळी पार्श्वभूमी बघते. पण तीच संस्था प्रवेशानंतर विद्यार्थ्यांना सामाजिक संस्थांमध्ये काम करायला पाठवते आणि गरीब घरांतल्या मुलांचे मार्गदर्शक करते. जी संस्था आपल्या मुलांना धंद्याबाहेर पाठवते, ती येणाऱ्यांकडून नुसता धंदाच कशाला मागेल? आणि १८९० पासून चालत आलेल्या डबेवाल्यांच्या कामावर हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये अभ्यास लिहिला. डबेवाले कुठल्या क्लबात गेले होते?

माझा भाचा परदेशात असतो. तो म्हणाला, "मावशी, तू एकच बाजू बघतेस. हार्वर्डने २०२४ पासून अर्जात तीन छोटे निबंध ठेवलेत, त्यातला एक धंद्याची वृत्ती दाखवणाराच आहे." खरे आहे. व्यवस्थापनच का, हे प्रत्येकाला सांगता आलेच पाहिजे. पण त्या निबंधातही विचारतात ते तुमच्या अनुभवांनी तुमची वाट कशी ठरवली हे. एखाद्याने मनापासून शेअर बाजाराचा अभ्यास केला असेल तर त्याने तो जरूर सांगावा. मुलाखतीच्या आधी दोन महिने घाईने जमवलेली प्रमाणपत्रे मात्र दुसऱ्या प्रश्नाला उघडी पडतात. मंडळात किती मुले होती? काय शिकवले? कोणाला काय जमले नाही? बिचारी काय सांगणार होती?

असो. पण खरी बोच वेगळीच आहे. या मुलीला वही दिसली नाही, कारण ती 'उपक्रम' आहे असे तिला कोणी सांगितलेच नाही. आणि त्यात माझाही हात आहे. तिची आई शाळेत असताना बाजारातून उशिरा यायची. मी तिला भर वर्गात म्हटले होते, "मासे विकायचेत की शिकायचंय, एकदा ठरव." वर्ग हसला होता. बाजारात शिकणे होत नाही, हा धडा मीच दिला. तो आईकडून मुलीपर्यंत पोचला. मग आता सही मागायला ती माझ्याच दारात आली, यात नवल काय?

सही मी दिली नाही. दुसरा कागद लिहून दिला, पाच-सहा रविवार अपूर्णांक शिकवले एवढाच. आणि म्हटले, मुलाखतीत वहीबद्दल बोल. ती कागद न बघताच घडी घालून गेली. दुसऱ्या दिवशी बाजारात आई भेटली. वाटा नेहमीसारखाच घातला, पण म्हणाली, "बाई, एक सही दिली असती तर काय बिघडलं असतं? बाकीची पोरं आणतातच की."

उत्तर मला देता आले नाही. बाकीची पोरे आणतातच, हे खरे आहे. त्यांच्या बापाच्या ओळखी असतात, हिच्याकडे फक्त मी होते. तरी मला वाटते, खोट्या मंडळापेक्षा खरी वही तिला जास्त लांब नेईल. तुमच्यापैकी कोणी अशा मुलाखती घेत असाल, तर समोरच्या मुलीला एकदा घरच्या कामाबद्दल विचाराल का? आपणहून सांगायला ती लाजेल.