बंदुकीचा पक्ष आणि पक्षाची बंदूक

अमेरिकेंत एखाद्या शाळेंत गोळीबार झाल्याची वार्ता आली कीं आपल्याकडील सुशिक्षितांच्या बैठकींत दोन ठरीव उद्गार निघतात. एक म्हणतो, 'ते लोकच बंदूकवेडे!' दुसरा म्हणतो, 'त्यांच्या राज्यघटनेनेंच बंदुकीचा हक्क दिलेला. तेथें कोण काय करणार?' हे उद्गार ऐकून ऐकून आम्ही कंटाळलों आहों. आणि ज्या अर्थीं ते आमच्याच पिढीच्या पदवीधरांच्या तोंडून अधिक ऐकूं येतात, त्या अर्थीं त्यांचा समाचार घेणें आम्हांस प्राप्त आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, अमेरिकेंतील बंदुकीचा प्रश्न सुटत नाहीं, याचें कारण तेथील लोकांचा स्वभावहि नव्हे आणि तेथील घटनाहि नव्हे. तो प्रश्न आतां बंदुकीचा राहिलेलाच नाहीं. तो पक्षाचें गंध होऊन बसला आहे. कपाळावरचें गंध उभें कीं आडवें, एवढें पाहून संप्रदाय ओळखावा, तसा तेथें बंदुकीविषयींचें मत ऐकून माणसाचा पक्ष ओळखतात. आणि गंधाविषयीं कोणी युक्तिवाद करीत नसतो.

हा विषय परक्यांचा म्हणून सोडून देण्याची सोयहि आतां उरलेली नाहीं. पुण्यामुंबईच्या किती तरी घरांतील लेकीसुना न्यू जर्सींत, टेक्ससमध्यें, कॅलिफोर्नियांत नांदत आहेत आणि येथल्या आजीआजोबांचीं नातवंडें तेथल्या शाळांत जात आहेत. मुळाक्षरें गिरवण्याच्या वयांत तीं मुलें, बंदूकधारी मनुष्य शाळेंत शिरला तर दिवे मालवून, दार लावून, कोपऱ्यांत निमूट कसें बसावें, याचा सराव करीत आहेत. इ. स. २०२१ या एका सालांत अमेरिकेंत बंदुकीच्या गोळीनें ४८ हजारांहून अधिक माणसें मेलीं. त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यु आत्महत्येचे होते. आत्मसंरक्षणाचें साधन म्हणून जी वस्तु घरांत आणली जाते, ती बहुतेक वेळां घरच्याच माणसावर उलटते, असा याचा अर्थ आहे.

प्रथम घटनेचा आक्षेप घेऊं. इ. स. १७९१ मधील दुसरी दुरुस्ती हें अवघें एक वाक्य आहे. त्याच्या पूर्वार्धांत सुव्यवस्थित लोकसेनेचा उल्लेख आहे, उत्तरार्धांत शस्त्र बाळगण्याच्या लोकांच्या हक्काचा. हा हक्क लोकसेनेशीं संबंध नसलेल्या प्रत्येक व्यक्तीचाहि आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं हेलर खटल्यांत दिला, आणि तोहि पांच विरुद्ध चार मतांनीं. म्हणजे दुरुस्तीनंतर २१७ वर्षांनीं! तो निर्णय लिहिणारे न्यायमूर्ति स्कॅलिया यांनींच त्यांत सांगून ठेविलें आहे कीं हा हक्क अमर्याद नाहीं. गुन्हेगारांना व मनोरुग्णांना शस्त्रबंदी, शाळांसारख्या जागीं शस्त्रबंदी, विक्रीवर अटी, यांस त्या निर्णयानें बाध येत नाहीं. पुढें २०२२ सालीं याच न्यायालयानें न्यूयॉर्क राज्याचा शंभराहून अधिक वर्षांचा जुना निर्बंध मोडीत काढला, हें खरें. परंतु त्या वेळीं बाजूनें मत देणारे सहाहि न्यायाधीश रिपब्लिकन अध्यक्षांनीं नेमलेले होते, आणि विरुद्ध मत देणारे तिघेहि डेमोक्रॅटिक अध्यक्षांनीं नेमलेले होते. वाक्य तेंच, वाचणाऱ्याचा पक्ष बदलला कीं अर्थ बदलतो. मग दोष वाक्याचा कीं पक्षाचा? शिवाय २०२४ सालीं याच न्यायालयानें, घरच्या माणसांस धोका असलेल्या इसमाकडून शस्त्र काढून घेण्याचा कायदा आठ विरुद्ध एक मतांनीं उचलून धरला. तेव्हां घटना हा उंबरठा आहे. ओलांडतां येऊं नये अशी ती भिंत नव्हे.

आतां स्वभावाचा आक्षेप. आज ज्या नॅशनल रायफल असोसिएशनचें नांव ऐकतांच कायदेमंडळाचे सभासद दचकतात, ती संस्था १८७१ सालीं यादवी युद्धांत उत्तरेच्या बाजूनें लढलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनीं स्थापिली, ती नेमबाजी सुधारण्यासाठीं. १९३४ सालीं रूझवेल्ट यांच्या कारकीर्दींत मशीनगनवर जबर कर बसविणारा कायदा झाला. त्या चर्चेंत या संस्थेच्या अध्यक्षानेंच, वाटेल त्यानें शस्त्र घेऊन हिंडणें आपल्याला मान्य नाहीं, त्यास परवान्याचें बंधन हवें, अशी साक्ष दिली. १९६३ सालीं अध्यक्ष केनेडी ज्या रायफलीनें मारले गेले, ती टपालानें मागविलेली होती. १९६८ सालीं मार्टिन ल्यूथर किंग व रॉबर्ट केनेडी यांचे खून पडले, तेव्हां अशा टपाली विक्रीस आळा घालणारा कायदा झाला. हे सारे कायदे याच 'बंदूकवेड्या' लोकांनीं केले. १९६७ सालीं तर कॅलिफोर्नियांत ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीय तरुणांच्या संघटनेचे लोक बंदुका घेऊन विधिमंडळांत शिरले, तेव्हां भरलेली बंदूक रस्त्यांतून मिरवण्यास बंदी घालणाऱ्या विधेयकावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन, म्हणजे पुढें रिपब्लिकन पक्षाचे आराध्य दैवत झालेले पुरुष!

या रेगन यांचेंच चरित्र घ्या, म्हणजे पक्षानें काय केलें तें दिसेल. १९७७ सालीं सिनसिनाटी येथील सभेंत रायफल असोसिएशनची सूत्रें नेमबाजांच्या हातून राजकारण्यांच्या हातीं गेलीं. १९८० सालीं संस्थेनें इतिहासांत प्रथमच अध्यक्षपदाच्या उमेदवारास पाठिंबा दिला, तो रेगन यांना. १९८१ सालीं रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या व त्यांचे सचिव जेम्स ब्रेडी जन्माचे पंगू झाले. निवृत्तीनंतर १९९१ सालीं रेगन यांनीं ब्रेडींच्या नांवाच्या विधेयकाचा उघड पुरस्कार केला, आणि १९९४ सालीं फोर्ड व कार्टर यांच्यासह, लष्करी धाटणीच्या बंदुकांवरील बंदीस मत द्या, असें पत्र प्रतिनिधिगृहास लिहिलें. तें विधेयक २१६ विरुद्ध २१४ मतांनीं तरलें. ३८ रिपब्लिकन त्याच्या बाजूनें होते आणि ७७ डेमोक्रॅट विरुद्ध. तोंपर्यंत हा प्रश्न पक्षांच्या मधून जात होता. दोन पक्षांमधली सीमा झाला नव्हता. दहा वर्षांनीं, २००४ सालीं, ती बंदी संपली, आणि तिला पुन्हां जीव देणें कोणास साधलें नाहीं.

पुढें काय झालें? डिसेंबर २०१२ मध्यें कनेक्टिकट राज्यांत न्यूटाउन येथील शाळेंत २० मुलें व ६ मोठीं माणसें मारलीं गेलीं. बंदुकांच्या प्रदर्शनांतील व इंटरनेटवरील विक्रीच्या वेळीं खरेदीदाराची पूर्वचौकशी व्हावी, एवढीच माफक सूचना सेनेटपुढें आली. दहांतले जवळजवळ नऊ नागरिक तिला अनुकूल असल्याचें लोकमताच्या चांचण्या सांगत होत्या. एप्रिल २०१३ मध्यें तिला ५४ मतें मिळालीं, ४६ विरुद्ध पडलीं. पण आवश्यक ६० मतें झालीं नाहींत म्हणून ती बुडाली. रिपब्लिकनांपैकीं चौघेच अनुकूल राहिले. असें कां व्हावें? तेथील बहुतेक मतदारसंघ एकेका पक्षाचे बालेकिल्ले झाले आहेत. तेथें खरी निवडणूक विरुद्ध पक्षाशीं होत नसून पक्षांतर्गत उमेदवारीची होते, आणि तिच्यांत मत देण्यास थोडे व कडवे तेवढेच लोक येतात. त्यामुळें प्रतिनिधीला दहांतल्या नवांची भीति वाटत नाहीं. उरलेल्या एकाची वाटते. रिपब्लिकन पक्षाचें पाप हें कीं त्यानें तडजोडीलाच फितुरीचें नांव दिलें.

परंतु दुसऱ्या पक्षास निर्दोष सोडणें हाहि पक्षपातच होईल. त्या देशांतील बहुतेक खून साध्या पिस्तुलांनीं होतात, रायफलींनीं थोडे. तरी डेमोक्रॅटिक पक्षाची सारी गर्जना लष्करी दिसणाऱ्या रायफलीभोंवतीं. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं! २००८ सालीं उमेदवार ओबामा यांनीं, खेड्यांतले लोक निराशेपोटीं बंदुकीला व धर्माला चिकटून बसतात, असे उद्गार काढले. २०१९ सालीं त्याच पक्षाच्या दुसऱ्या एका उमेदवारानें, तुमच्या त्या रायफली आम्ही काढून घेणारच, असें व्यासपीठावरून बजावलें. कायदा कांहींच झाला नाहीं. मात्र मोंटानांतल्या शिकाऱ्याला आपला अपमान झाला एवढें पक्कें समजलें. ज्याला आपण तुच्छ लेखतों त्याचें मत आपल्याला मिळावें, अशी अपेक्षा करणाऱ्यांस राजकारण कळत नाहीं, किंवा त्यांना मत नकोच असतें, फक्त आपला सात्त्विक संताप मिरवायचा असतो. दोन्ही पक्षांना हें घोंगडें भिजत ठेवणेंच सोयीचें झालें आहे. एक 'तुमची बंदूक जाणार' म्हणून वर्गणी गोळा करतो, दुसरा 'तुमचें मूल मरणार' म्हणून. २००८ व २०१२ च्या निवडणुकांनंतर बंदुकांचा खप वाढला, तो याच धास्तीनें. आणि कारखानदारांना बहुतेक दाव्यांपासून अभय देणारा कायदा २००५ सालींच होऊन गेला आहे. दोघांचें भांडण, तिसऱ्याचा लाभ!

गोळी मात्र पक्ष विचारीत नाहीं. २०११ सालीं डेमोक्रॅटिक प्रतिनिधि गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या मस्तकांतून ती गेली. २०१७ सालीं रिपब्लिकन पुढारी स्कॅलीस यांच्या अंगांत शिरली. २०२४ सालीं पेनसिल्व्हेनियांत भरसभेंत डोनाल्ड ट्रंप यांच्या कानाला चाटून गेली व श्रोत्यांतील एक जण मेला. स्वतःचें रक्त सांडलें तरी पक्षाचें मत हाललें नाहीं. नाकापेक्षां मोतीं जड होणें म्हणतात तें हेंच.

निःशस्त्र केलेल्या माणसाचें दुःख आम्हांस कळत नाहीं, असें कोणी समजूं नये. १८७८ च्या शस्त्रकायद्यानें युरोपियनाला मोकळीक आणि हिंदी माणसाला बंदी, हा अपमान आमच्या आजोबापणजोबांनीं गिळला आहे. त्याची चीड इतकी खोल होती कीं १९३१ च्या कराची काँग्रेसनें मूलभूत हक्कांच्या ठरावांत नियमांच्या अधीन शस्त्र बाळगण्याचा हक्कहि घातला. पुढें डिसेंबर १९४८ मध्यें घटना समितींत हरि विष्णु कामत यांनीं तो हक्क घटनेंत घालण्याची दुरुस्ती मांडली. कामत काँग्रेसचे, बोलत होते तेंहि काँग्रेसच्याच ठरावाच्या आधारें. डॉ. आंबेडकरांनीं उत्तर दिलें कीं, ज्याला त्याला वाटेल तें हत्यार निर्वेध विकत घेतां आलें तर राज्यकारभार चालणार कसा? दुरुस्ती फेटाळली गेली. कोणी कोणाला देशद्रोही म्हटलें नाहीं, कोणाचें गंध पुसलें गेलें नाहीं. आमच्या राजकारणांत इतर गंधांची वाण नाहीं, हें आम्ही जाणतों. पण एवढा एक प्रश्न तरी आपण प्रश्न म्हणून सोडविला.

कोणी म्हणेल, पक्षांशिवाय लोकशाही चालत नाहीं. मान्य. बर्कनें केलेलें पक्षांचें समर्थन आम्ही आयुष्यभर वर्गांत शिकविलें आहे. पण मान्य तत्त्वासाठीं एकत्र येऊन राष्ट्राचें हित साधणें, ही बर्कची पक्षाची कल्पना. पक्षासाठीं तत्त्व शोधणें ही त्याची कल्पना नव्हे. आणि पक्षबुद्धीच्या विषाविषयीं वॉशिंग्टननें १७९६ च्या निरोपाच्या पत्रांतच आपल्या देशबांधवांना सावध केलें होतें.

मार्ग नाहीं, असेंहि नाहीं. २०१८ सालीं पार्कलंडच्या शाळेंतील हत्याकांडानंतर फ्लॉरिडाच्या रिपब्लिकन गव्हर्नरनें बंदूक खरेदीचें वय २१ करणाऱ्या कायद्यावर सही केली. मे २०२२ मध्यें टेक्ससमधील युव्हाल्डी येथें १९ मुलें व २ शिक्षिका मारल्या गेल्या, तेव्हां सेनेटमधील १५ रिपब्लिकन सभासद डेमोक्रॅटांना मिळाले आणि २१ वर्षांखालील खरेदीदारांची अधिक कसून चौकशी करणारा कायदा महिन्याभरांत झाला. कायदा लहानसाच, पण त्यानें स्वभावाचा व घटनेचा, दोन्ही बहाणे खोटे पाडले. लोक तेच होते, घटना तीच होती. पंधरा माणसांनीं कपाळावरचें गंध क्षणभर पुसलें, इतकेंच. अशा माणसांना त्यांच्याच पक्षाच्या मतदारांनीं जपलें पाहिजे, कारण त्यांना घालविण्याची शक्ति विरोधकांत नसते. ती स्वकीयांत असते. आपला पक्ष चुकला असें म्हणण्याची हिंमत ज्या मतदाराला नाहीं, त्यानें पुढच्या शाळेंतील पुढच्या मुलासाठीं अश्रु ढाळूं नयेत. आणि हें आम्ही केवळ अमेरिकनांना उद्देशून लिहिलें आहे, असें आमच्या वाचकांनीं समजण्याचें कारण नाहीं.