नादारी संपते, पत कधी उभी राहते?

मध्य प्रदेशातल्या आमच्या रामाकोन्याच्या शिवारात संत्र्याचा मृग बहार ज्या सुमारास तोडणीस येतो, त्याच सुमारास खरीप पीककर्जाच्या परतफेडीची २८ मार्च ही तारीखही येऊन ठेपते. आणि ज्या व्यापाऱ्याने बयाणा देऊन बगीचा ठोक्याने घेतला, त्याने भाव पडल्याची सबब सांगून उरलेली रक्कम अडकवून ठेवली, की आजवर ज्याचे खाते निर्मळ होते अशा माणसाच्या नावापुढे सोसायटीच्या दप्तरात थकबाकीदार हा शब्द चढतो. बिनव्याजी कर्जाचा हक्क जातो, खताची उधारी बंद होते, आणि सावकाराची पायरी चढण्याखेरीज त्याला गत्यंतर उरत नाही. अशा माणसाचे कर्ज फिटावे कसे, याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले आहे. कर्ज फिटल्यावर त्याची पत परत यावी कशी, हा प्रश्न मात्र बहुधा कोणाच्या मनातही येत नाही.

सामान्य माणसाच्या नादारीस आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच लागू आहे, कारण २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींसंबंधीचा भाग कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरताच अमलात आला आहे. त्या जुन्या कायद्यात एक कलम असे आहे की, ज्याची नादारीतून मुक्तता झालेली नाही त्याने आपली स्थिती न सांगता ५० रुपये वा त्याहून अधिक उधार घेतली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कलम कठोर खरे; तथापि त्याची दुसरी बाजू मला फार मोलाची वाटते. न्यायालयाने मुक्ततेचा हुकूम दिला की सरकारी देणी, लबाडीची देणी आणि असे काही अपवाद वगळता माणूस ऋणांतून मोकळा होतो, आणि आपली नादारी प्रत्येक धनकोपुढे उच्चारण्याच्या बंधनातूनही सुटतो.

आजची पतनोंद अशी सुटका जाणत नाही. पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ चा. त्याखालील नियमांनी नोंदी किमान सात वर्षे ठेवाव्या लागतात, आणि ३०० ते ९०० या मापातला आकडा बँकेचा अधिकारी अर्जदाराचे तोंड पाहण्यापूर्वीच पाहतो. नोंद ठेवण्यास माझा विरोध नाही. परंतु कमीत कमी किती काळ ठेवावी हे जिथे लिहिले आहे, तिथे मुक्ततेचा हुकूम झालेल्या माणसाविरुद्ध ती जास्तीत जास्त किती काळ वाचावी, हेही लिहिलेले असावे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

आपल्या मुलखाला पत परत मिळवून देण्याच्या विचाराची जुनी ओळख आहे. मंदीने कपाशीचे भाव कोसळले, तेव्हा नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्य प्रांताने १९३३ साली ऋण समझोत्याचा कायदा केला. ऋणको आणि धनको यांना मंडळासमोर बसवून, रकमेत सूट ठरवून, हप्ते बांधून देण्याची ती व्यवस्था होती. आणि हप्ता देणाऱ्याची नियत जिथे ठाऊक होती तिथेच तो करार होत असल्यामुळे पत फिरून उभी करण्यास तो साह्यभूत होण्यासारखा होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण इकडे मध्य प्रदेशात राहिलो, आणि पुढे कर्जाचा उपाय म्हणजे माफी असे समीकरण दोन्हीकडे रूढ झाले. २०१८ च्या डिसेंबरात आमच्या तेव्हाच्या छिंदवाडा जिल्ह्याचेच नेते मुख्यमंत्री झाले आणि दोन लाखांपर्यंतच्या माफीचा हुकूम निघाला. त्या आशेवर हप्ता थांबवणारे अनेकजण थकबाकीत गेले, म्हणून २०२३ साली सोसायट्यांच्या थकबाकीदारांसाठी निराळी व्याजमाफी काढावी लागली. या दुसऱ्या योजनेचा रोख शेतकऱ्याला पुन्हा कर्जास पात्र करण्याकडे होता, एवढ्यासाठी मी तिला पहिलीपेक्षा शहाणी म्हणेन.

ज्याला आज उभे राहायचे आहे त्याने तडजोडीच्या रकमेला भुलू नये. काही सूट घेऊन खाते मिटवले, तर अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो, आणि पुढचा धनको त्याचा अर्थ अपुरी फेड असाच घेतो. पूर्ण भरणा करून ‘क्लोज्ड’ अशी नोंद आणि बेबाकीचा दाखला घेणे जड गेले तरी हिताचे. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, तो मागवावा. चूक दिसल्यास लेखी तक्रार करावी, कारण ३० दिवसांत तिचा निकाल न लागल्यास दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आता आहे. नंतर मुदत ठेवीवर लहानसे कर्ज काढून ते तारखेस फेडावे.

पण खरी अडचण रामाकोन्यासारख्या गावी वेगळीच आहे. बँकिंग नियमन कायद्याच्या कक्षेत प्राथमिक कृषी सोसायट्या येत नाहीत, त्यामुळे सोसायटीत तारखेस भरलेला हप्ता पतअहवालात उमटेलच, याची हमी शेतकऱ्याला कोणी देत नाही. दहा वर्षांची सचोटी गटसचिवाच्या वहीत राहते, आणि शहरातल्या बँकेतले एक थकलेले कर्ज देशभर दिसते. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा जिल्हा झाला, आमची सौसर तहसील त्यात आली. या नव्या जिल्ह्याच्या कचेरीने आणि जिल्हा सहकारी बँकेने मिळून सोसायट्यांची परतफेड पतमाहिती कंपन्यांकडे नियमाने पोचवण्याची तजवीज येत्या २८ मार्चपूर्वी करावी, आणि ज्यांनी थकबाकी पूर्ण भरली त्यांची नावे तिच्यात आधी घालावीत.