बेवारस कोण?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. पंढरपुरातल्या एका कॉलेजच्या वसतिगृहासमोर भंगारवाल्याचा टेम्पो उभा होता. आत पत्र्याच्या पेट्या, गाद्या, बादल्या, वह्यांचे गठ्ठे. शिपाई म्हणाला, "पोरं टाकून गेली सर. बेवारस माल."

एका पेटीवर पांढऱ्या रंगात नाव, गाव, तालुका सगळं लिहिलेलं होतं. ही बेवारस कशी?

ऑफिसात विचारलं तर म्हणे, "मालक कुठं शोधत बसायचा?" अहो, प्रवेश अर्जावर पत्ता आहे, फोटो आहे, वडिलांचा मोबाईल नंबर आहे. फी थकली की हाच मुलगा बरोबर सापडतो!

आणि हे पंढरपुरात. आषाढीच्या लाखोंच्या गर्दीत एखादी आजी दिंडीतून चुकते. नुसतं नाव-गाव सांगते. तेवढ्यावर लाऊडस्पीकरवरून पुकारा होतो आणि तिची माणसं तिला घेऊन जातात.

आता जागेची अडचण खरी आहे. जूनमध्ये नवी मुलं येणार. पण जन्मभर सांभाळा असं कोण म्हणतंय? कायदाही म्हणत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७१ सांगतं की दुसऱ्याची सापडलेली वस्तू जो ताब्यात घेतो, त्याच्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. कलम १६९ ती विकायची मुभा देतं, पण आधी मालकाचा वाजवी शोध घ्यायला हवा, आणि त्यावरही अटी आहेत. इथं तर एक फोनसुद्धा नाही.

पेटीत गुणपत्रिका असतात, जातीचा दाखला असतो. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू नका, असं यूजीसीने २०१८ साली कॉलेजांना बजावलं. अडकवायची नाहीत, मग रद्दीत घालायची का?

खोलीवार यादी करा, घरी फोन करा, एक पत्र टाका, तीन महिने वाट पाहा. कागदपत्रं मात्र कधीच विकू नका. यात अवघड काय आहे?

बराच वाद घातल्यावर क्लार्कने तो नंबर लावला. तिसऱ्या रिंगला वडिलांनी उचलला. रविवारी एसटीने येऊन पेटी घेऊन गेले.

बाकीच्या पेट्यांचं म्हणाल, तर आमचा वाद मिटेपर्यंत टेम्पो निघून गेला होता.