बाळंतिणीला विटाळ कसला?

आपल्यातील पुष्कळ कुटुंबांनी धम्मदीक्षा घेतल्यावर देव्हारे काढले, नवस सोडले, लग्नाचे विधी बदलले. परंतु घरात बाळंतपण झाले की दहा-बारा दिवस जुनी शिवाशिव पुन्हा सुरू होते. बाळंतिणीची खोली अंधारी, तिचे अंथरूण निराळे, भांडे निराळे. तिला शिवले तर अंघोळ केल्यावाचून चुलीपाशी जाता येत नाही. पाचव्या दिवशी सटवाईची पूजाही गुपचूप उरकून घेतली जाते. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या स्पर्शाचा विटाळ सोसला, त्याने आपल्याच घरातील मातेचा स्पर्श विटाळाचा मानावा, याहून मोठी विसंगती कोणती?

“एक रीत आहे, पाळली तर बिघडते काय?” असे काही वडीलधारी माणसे विचारतात. बिघडते, आणि प्रसंगी आईचा जीव जातो. तो कसा जातो हे कळण्यासाठी गरोदरपणात व बाळंतपणात स्त्रीच्या शरीरात काय घडते, हे घरातील पुरुषांसह सर्वांनी जाणून घेतले पाहिजे.

गर्भाशय ही स्नायूंची बनलेली पिशवी आहे. एरव्ही ती मुठीएवढी असते आणि तिचे वजन जेमतेम ६० ते ७० ग्रॅम भरते. गरोदरपणाच्या सुमारे २८० दिवसांत तीच पिशवी वाढून एक किलोच्या आसपास जाते. तिच्या आतल्या अस्तराला वार चिकटलेली असते. वारेत आईचे रक्त व बाळाचे रक्त एकत्र मिसळत नाही. मधल्या पातळ पडद्यातून प्राणवायू आणि अन्नरस बाळाकडे जातात व बाळाच्या शरीरातील टाकाऊ द्रव्ये आईकडे येतात. या कामासाठी दिवस भरत आल्यावर गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहत असते.

कळा सुरू झाल्या की गर्भाशयाचे मुख हळूहळू उघडून सुमारे १० सेंटिमीटर रुंद होते, बाळ बाहेर येते आणि मागाहून वार सुटते. वार जेथे चिकटलेली होती तेथे तळहाताएवढी जखम उरते आणि रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. ती बंद कशी होतात? गर्भाशयाचे स्नायू या रक्तवाहिन्यांभोवती जाळ्यासारखे विणलेले असतात. पिशवी घट्ट आकसली की ते स्नायू रक्तवाहिन्यांना आवळून धरतात आणि रक्त थांबते. पिशवी सैल राहिली, तर थोड्या वेळात अंगातील रक्त वाहून जाऊ शकते. बाळंतपणात होणाऱ्या मातामृत्यूंच्या मोठ्या कारणांत हा रक्तस्राव आजही पुढे आहे. आणि जिच्या अंगात मुळातच रक्त कमी, तिला तो अधिक घातक ठरतो.

पुढे काही आठवडे जो स्राव अंगावरून जातो, तो “नऊ महिने साठलेली घाण” नव्हे. तो या जखमेचा व गळून पडणाऱ्या अस्तराचा स्राव आहे. ज्या अस्तरावर आपण प्रत्येकजण पोसलो गेलो, त्यालाच घाण म्हणावयाचे काय? सुमारे सहा आठवड्यांत जखम भरत येते आणि गर्भाशय जवळजवळ पूर्वस्थितीला येते. तोवर बाळंतीण ही जखम भरून येत असलेली व्यक्ती आहे. जखमी माणसाला आपण कोपऱ्यात एकटे टाकीत नाही. त्याच्या उशाशी बसतो.

विटाळाच्या कल्पनेने तर स्पर्शाची दिशाच उलटी करून टाकली आहे. बाळंतिणीपासून इतरांना धोका नसतो. धोका असतो तो इतरांच्या अस्वच्छ हातांपासून बाळंतिणीला. व्हिएन्ना येथील रुग्णालयात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी हे दाखवून दिले. शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिगृहात येणाऱ्या डॉक्टरांच्या हातांनी बाळंतज्वर पसरत होता. त्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांच्या विभागात शेकडा १८ माता दगावल्या. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केल्यावर थोड्याच महिन्यांत हे प्रमाण शेकडा २ च्या आसपास आले. तेथे ना सटवाईचा कोप होता, ना मातेच्या अंगी दोष होता. आपल्याकडे अनेक गावांत सुईणपणाचे काम अस्पृश्य ठरविलेल्या जातींतील स्त्रियांकडेच सोपविलेले असे. जीव जगात आणणारे हात अस्पृश्य आणि जीव देणारी माताही अस्पृश्य, असा हा न्याय होता!

काहींचे म्हणणे असे की, या निमित्ताने बाईला विसावा तरी मिळतो. परंतु विश्रांती निराळी आणि बहिष्कार निराळा. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी स्त्री कामगारांना बाळंतपणापूर्वी व नंतर विसावा मिळणे राष्ट्रहिताचे आहे, असे प्रतिपादन केले. त्यांनी विश्रांती मागितली ती मातेचा हक्क म्हणून. ती अशुद्ध आहे म्हणून नव्हे.

म्हणून प्रत्येक घराने काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. बाळंतपण दवाखान्यातच करावे. तेथे बाळ जन्मताच पिशवी आकसण्याचे औषध देतात. पहिल्या तासातच बाळाला छातीशी लावावे. पहिला पिवळसर चीक पिळून टाकण्याची चाल सोडावी. तो बाळाला रोगांपासून संरक्षण देतो, आणि बाळ चोखू लागले की आईच्या शरीरात जो स्राव निर्माण होतो त्याने गर्भाशयही आकसते. आईला उजेड, हवा, पोटभर आहार व लोहाच्या गोळ्या मिळाव्यात. तिच्याजवळ जाणाऱ्याने आधी साबणाने हात धुवावेत. शिवल्यानंतरची अंघोळ निरर्थक आहे. घडी तासाभरात भिजू लागली, चक्कर आली, ताप भरला किंवा स्रावाला दुर्गंधी येऊ लागली, तर क्षणाचाही विलंब न लावता तिला रुग्णालयात न्यावे. विटाळाच्या भीतीने ज्या खोलीत कोणी डोकावत नाही, त्या खोलीत ही लक्षणे पाहणार तरी कोण?

बंधुभगिनींनो, प्रतिज्ञा उच्चारणे सोपे असते. तिची कसोटी घराच्या सर्वांत आतल्या खोलीत लागते. पुढचे बाळंतपण ज्या घरी असेल, त्या घरच्या पुरुषांनी आणि सासवांनी हात स्वच्छ धुऊन त्या खोलीत जावे, खिडकी उघडावी आणि बाळंतिणीच्या शेजारी बसावे.